शेजारच्या घराची घरपट्टी

ऑक्टोबर उलटता उलटता कॅलिफोर्नियातल्या घराघरांत कौंटीचा एक लिफाफा येऊन पडतो. आत घरपट्टीचं बिल असतं. पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत, दुसरा १० एप्रिलच्या आत. जमिनीची किंमत एका ओळीत, बांधकामाची दुसऱ्या ओळीत, मग बेरीज, तिच्यावर एक टक्का कर आणि त्याखाली मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचे नि विशेष आकारांचे बारीक बारीक आकडे. कागद रुक्ष आहे. पण सनीव्हेलच्या एखाद्या गल्लीत, एकाच बिल्डरने एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन घरांची बिलं शेजारी शेजारी ठेवली, तर जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास त्या दोन आकड्यांमध्ये दिसतो.

समजा, त्यातलं एक घर १९७९ मध्ये एक लाख डॉलरला घेतलेलं आहे. घेणारा मराठी इंजिनिअर आता ऐंशीच्या घरात आहे आणि अजून तिथेच राहतो. शेजारचं घर त्याच्या पुतण्याने २०२४ मध्ये वीस लाखांना घेतलं. काकांच्या घराची करपात्र किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते. ४५ वर्षं वाढूनही ती अडीच लाखांच्या आतच राहते. त्यांचा मूळ कर साधारण २,४०० डॉलर, पुतण्याचा वीस हजार. अंगण तेवढंच, रस्त्यावरचा दिवा तोच, आग लागली तर येणारा बंबही तोच.

"काका, खरंच एवढीच येते तुम्हाला?" असं पुतण्याने विचारलं, की काका अवघडतात. "अरे, मी काही लपवाछपवी नाही केली. कायदाच तसा आहे." काकांचं बोलणं खरं आहे, आणि पुतण्याच्या पोटात पडलेला खड्डाही खरा आहे.

हा कायदा म्हणजे प्रपोझिशन १३. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तो स्वतःच्या हाताने राज्यघटनेत लिहिला. ४२ लाखांवर मतं बाजूने पडली, म्हणजे ६४.८ टक्के. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पळवाटा निघाल्या, काही बुजवल्याही गेल्या, पण गाभा हलला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातली एकच गाठ किंचित सैल करण्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला होता. परवडणारी घरं आणि सार्वजनिक सुविधांसाठी गावाला कर्जरोखे काढायचे असतील तर दोन-तृतीयांशऐवजी ५५ टक्के मतं पुरावीत, एवढीच मागणी होती. सुमारे ५५ टक्के मतदारांनी ती फेटाळली. त्या नकाराची बोच ताजी आहे, आणि हा मागोवा ती मनात ठेवूनच घेतला पाहिजे.

मुळात १९७८ ची भीती खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. जे हा कायदा म्हणजे निव्वळ श्रीमंतांचं कारस्थान मानतात, त्यांनी त्या काळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या निवृत्त माणसांची बिलं पाहिलेली नाहीत. कहाणी सुरू होते सॅन फ्रान्सिस्कोत. तिथले आकारणी अधिकारी रसेल वोल्डन यांच्या लाचखोरीचं प्रकरण १९६५ मध्ये फुटलं. काही व्यावसायिक पैसे चारून आपल्या इमारतींची किंमत कमी लावून घेत होते. वोल्डन दोषी ठरले आणि विधिमंडळाने सुधारणा म्हणून सगळ्या मालमत्तांची आकारणी बाजारभावाच्या एकसारख्या २५ टक्क्यांवर आणायचा कायदा केला. ऐकायला अगदी न्याय्य. पण तोवर राहत्या घरांची किंमत सगळीकडेच मुद्दाम कमी धरली जायची. एकसारखा नियम लागताच ओझं दुकानांवरून घरांवर सरकलं. तो लबाड अधिकारीच परत आणा, अशा चिठ्ठ्या लोक गाड्यांच्या बंपरवर लावून फिरू लागले.

त्यात सत्तरच्या दशकाची महागाई आली. दक्षिण कॅलिफोर्नियात घरांच्या किमती चार वर्षांत दुपटीवर गेल्या. लॉस एंजेलिस कौंटीत प्रत्येक घराची फेरआकारणी तीन वर्षांतून एकदा व्हायची, त्यामुळे तीन वर्षांची वाढ एकदम अंगावर कोसळायची. घर विकायचं नाही, पगार वाढलेला नाही, पेन्शन ठरावीक, आणि बिल मात्र दुप्पट. मे १९७८ मध्ये, मतदानाला जेमतेम काही आठवडे उरले असताना, तिथल्या नव्या आकारणीचे आकडे लोकांना कळले. त्यानंतर निकालाबद्दल फारशी शंका उरली नव्हती.

राजधानी सॅक्रामेंटोत तेव्हा राज्याच्या तिजोरीत सुमारे ५ अब्ज डॉलर शिल्लक पडून होते. या कहाणीतला पहिला हिशेब तिथेच चुकता करायला हवा. तरुण, काटकसरी गव्हर्नर जेरी ब्राउन आणि विधिमंडळ यांनी त्या पैशातून घरमालकांना वेळेवर दिलासा दिला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते वर्षानुवर्षं वाद घालत बसले. शेवटी पीटर बेहर या सिनेटरच्या विधेयकातून एक शहाणा मार्ग निघाला: राहत्या घरांचा कर कमी करा, व्यापारी मालमत्तेचा दर वेगळा ठेवा. त्याला लागणारी घटनादुरुस्ती प्रपोझिशन ८ म्हणून त्याच दिवशी मतपत्रिकेवर होती. ती पडली. औषध उशिरा आलं, आणि तोवर रोग्याने दुसरा वैद्य गाठला होता.

तो वैद्य म्हणजे हॉवर्ड जार्विस. युटामध्ये जन्मलेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा, ढेरपोट्या, घसा फोडून बोलणारा माणूस. सोबत सॅक्रामेंटोचे पॉल गॅन. जार्विस वर्षानुवर्षं करांविरुद्ध अर्ज घेऊन फिरत होते आणि हरत होते. या वेळी दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. जिंकल्यावर 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं आणि १९८० च्या 'एअरप्लेन!' या विनोदी सिनेमात ते मीटर चालू असलेल्या टॅक्सीत बसून राहिलेले प्रवासी म्हणून झळकले. लोकांना ते म्हाताऱ्या आजीचा कैवारी वाटले. ते लॉस एंजेलिसच्या अपार्टमेंट मालकांच्या संघटनेचे पगारी संचालक होते, ही गोष्ट त्या जल्लोषात मागे पडली.

मजकूर चार ओळींत सांगता येतो. कर एक टक्क्याहून जास्त नाही. किंमत १९७५-७६ च्या पातळीवर मागे न्यायची. नंतर वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ, आणि घर विकलं किंवा नवं बांधलं तरच बाजारभावाने आकारणी. राज्याला कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत, गावाला विशेष कर लावायचा तर दोन-तृतीयांश मतदार हवेत.

पुढचं दशक नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळं तिथेच ठरलं. नंतरची चाळीस वर्षं त्याचीच पडछाया आहे.

मतदान झालं मंगळवारी. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या शाळांनी उन्हाळी वर्ग रद्द केले. घरपट्टीचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली येणार होतं, आणि शाळा, वाचनालयं, बागा, अग्निशमन दल हे सगळं त्या उत्पन्नावर चाललेलं होतं. उन्हाळी वर्ग म्हणजे काही चैन नव्हती. मागे पडलेली मुलं तिथे वर्ष भरून काढत, आई-बाप दोघंही कामावर जाणाऱ्या घरांतली मुलं तिथे दिवस काढत. वाचनालयांनी वेळा कापल्या. रोज संध्याकाळी उघडं असलेलं वाचनालय आठवड्यातून काही दिवसच उघडू लागलं, तर शाळकरी पोराची ती सवयच तुटते. मग पुढे कधी पैसा आला आणि दरवाजा पुन्हा उघडला, तरी ते पोर परत येत नाही.

राज्य सरकारने तीच शिल्लक खर्च करून पहिलं वर्ष निभावलं, आणि १९७९ मध्ये कायमची व्यवस्था लावली. उरलेली घरपट्टी कौंटी, शहरं आणि शाळा यांच्यात कशी वाटायची, हे सॅक्रामेंटोत ठरू लागलं. वाटा ठरला तो सत्तरच्या दशकातल्या जुन्या प्रमाणात. म्हणजे ज्या शहराने त्या काळी शहाणपणाने कर कमी ठेवला होता, त्याला आजही घरपट्टीतला कमीच वाटा मिळतो. ज्या मतदारांना सरकारचा हात खिशातून काढायचा होता, त्यांनी आपल्या गावाचा कारभार उचलून राजधानीच्या हाती दिला. मतदानाच्या दिवशी त्यांच्यापैकी कितीजणांना याची कल्पना होती?

शाळांचा गुंता आणखी जुना होता. 'सेरानो विरुद्ध प्रीस्ट' हा खटला सत्तरच्या दशकभर गाजला. १९६८-६९ मध्ये बेव्हर्ली हिल्स प्रत्येक विद्यार्थ्यामागे १,२३१ डॉलर खर्च करत होतं, तर गरीब बॉल्डविन पार्क ५७७, आणि तेही दुपटीहून जास्त दराने कर भरून. कोर्टाने हा अन्याय थांबवायला सांगितलं, आणि ते योग्यच होतं. पण मग आपली पट्टी आपल्याच शाळेत जात नाही, असं श्रीमंत वस्त्यांना वाटू लागलं आणि जास्त कर भरण्याची इच्छा मेली. अर्थतज्ज्ञ विल्यम फिशेल यांनी प्रपोझिशन १३ चं मूळच त्या निकालात आहे, असं मांडलं. ते पूर्ण पटत नाही, कारण भीतीला महागाई आणि बिलं पुरेशी होती. एवढं मात्र खरं, की ज्या राज्याच्या सरकारी शाळांचं देशभर नाव होतं, ते राज्य विद्यार्थ्यामागच्या खर्चात देशाच्या सरासरीखाली घसरलं. १९८३ मध्ये सॅन होजेच्या शाळा-मंडळाने दिवाळखोरीचा अर्ज केला. संगणकाच्या चिप्सनी जग बदलणारं खोरं, आणि त्याच्या मधोमध असलेल्या शाळांकडे शिक्षकांना द्यायला पैसे नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन त्याच शहरात झालं. देशभरातून आलेल्या मराठी मंडळींनी तिथले चकचकीत रस्ते पाहिले. त्या शहराचं १९८३ चं ते वर्ष त्यांच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल!

काही शाळांनी खेळ, गायन, नाटक यांसाठी पालकांकडून फी घ्यायला सुरुवात केली. सांता बार्बारातल्या पालकांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मोफत शिक्षणात हेही येतं, फी घेता येणार नाही. मग फीच्या जागी वर्गणी आली. पालकांची प्रतिष्ठानं उभी राहिली. वर्गणी ऐच्छिक, त्यामुळे ती सुखवस्तू वस्त्यांत भरपूर जमते आणि गरीब वस्त्यांत जमतच नाही. सेरानो खटल्याने मिळवलेली समता अशी मागच्या दाराने निसटली.

भाडेकरूंची तर सरळ फसवणूक झाली. कर कमी झाला की घरमालक भाडी उतरवतील, असं जार्विस यांनी प्रचारात सांगितलं होतं. भाडी उतरली नाहीत. कितीतरी ठिकाणी ती वाढली. राग एवढा चढला की एप्रिल १९७९ मध्ये सांता मोनिकाच्या मतदारांनी कडक भाडे नियंत्रण आणलं. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि बर्कली यांनीही त्याच सुमारास तेच केलं. मुंबईच्या माणसाला यापुढचं सांगायची गरज नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने तिथे भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. घरपट्टी त्याच गोठलेल्या भाड्यावर बेतली जायची, म्हणून गिरगावातल्या जुन्या चाळीचा कर किरकोळ आणि उपनगरातल्या नव्या इमारतीचा भरमसाट, हे कित्येक दशकं चाललं. महापालिका भांडवली मूल्याच्या पद्धतीकडे वळली ती २०१० मध्ये. ज्याचं बिऱ्हाड आधी पडलं तो तरला, मागून आलेल्याने पागडी मोजली. कॅलिफोर्नियात पागडीच्या जागी घरपट्टी आहे, इतकाच फरक.

१९८२ मध्ये मेलो-रूस कायदा आला. नव्या वसाहतीतल्या शाळा, रस्ते, गटारं यांचा खर्च त्या वसाहतीतल्या घरांवरच वेगळ्या आकाराने बसवायची सोय त्यात होती. शिवाय प्रत्येक नव्या घरामागे बिल्डरकडून घ्यायचं विकासशुल्क वाढत गेलं, आणि ते शेवटी ग्राहकाच्याच माथी आलं. जुन्या वस्तीतल्या बागा आणि शाळा मागच्या पिढीने सगळ्यांच्या वर्गणीतून बांधल्या होत्या. नव्याने येणाऱ्याने मात्र आपलं स्वतःचं बांधायचं आणि वर जुन्यांपेक्षा कितीतरी पट घरपट्टी भरायची. त्या दशकात सिलिकॉन व्हॅलीत मराठी कुटुंबं येऊ लागली होती. जी आधी आली त्यांचं भलं झालं. त्यांनी काही मागितलं नव्हतं, कायदा त्यांच्या पदरात पडला.

शहरांची नियतही बदलली. घरं बांधली की पट्टी थोडी आणि खर्च जास्त. त्याउलट दुकानातल्या विक्रीवरचा एक टक्का कर थेट शहराला मिळतो. मग मोकळ्या जमिनीवर घरांऐवजी मोटारींची दालनं आणि मोठी दुकानं हवीहवीशी झाली. सेरिटोसने मोटार विक्रेत्यांचा अख्खा बाजार वसवला. फ्रीमाँटमध्ये तर रस्त्याचं नावच ऑटो मॉल पार्कवे आहे, आणि भाजी आणायला निघालेली मराठी माणसं रोज त्यावरून जातात. घरांच्या टंचाईला याच एका कायद्याला जबाबदार धरणं चुकीचं आहे, पण घर नको आणि शोरूम हवी ही सवय शहरांना याच दशकात लागली.

आणि १९८६ मध्ये, ज्या वर्षी जार्विस वारले त्याच वर्षी, प्रपोझिशन ५८ ने आई-वडिलांची जुनी करकिंमत मुलांना वारशात द्यायला परवानगी दिली. आजीला घरातून काढू नका, इथून सुरू झालेली गोष्ट आठ वर्षांत आजीच्या नातेवाइकांपर्यंत येऊन पोचली.

नव्वदचं दशक पटकन ओलांडता येतं. पण त्याच्या दारात एक खटला उभा आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही. स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बॉल्डविन हिल्समध्ये १,७०,००० डॉलरला छोटंसं घर घेतलं. त्यांना कर आला सुमारे १,७०० डॉलर. शेजारच्या तशाच घराला ३५८. मालिबूच्या समुद्रकिनाऱ्यावर एकवीस लाखांचा बंगला बाळगणाऱ्या जुन्या मालकाचा कर त्यांच्यापेक्षा काही डॉलरनीच जास्त होता. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरवला. त्या एकट्या विरोधी न्यायमूर्तींचं, जॉन पॉल स्टीव्हन्स यांचं मत आजही वाचावं. निव्वळ आधी घर घेतलं म्हणून मिळणारी ही सवलत त्यांना वतनदारीसारखी वाटली होती.

त्यानंतर निवडणुका, अर्थसंकल्पाची भांडणं, २००९ मध्ये राज्याने रोख पैशाऐवजी दिलेल्या हुंड्या, हे सगळं आलं आणि गेलं. २००३ मध्ये वॉरन बफे यांनी आपल्या दोन घरांचा कर जाहीर सांगितला: ओमाहातल्या पाच लाखांच्या घराला १४,४०१ डॉलर आणि लगुना बीचवरच्या चाळीस लाखांच्या घराला २,२६४. ते तेव्हा गव्हर्नरपदाचे उमेदवार आर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे सल्लागार होते. श्वार्झनेगरनी विषय लगेच बंद केला. कॅलिफोर्नियात पुढाऱ्यांना या कायद्याला हात लावायची केवढी धास्ती वाटते, ते त्या दिवशी दिसलं. सांता मोनिकातलं मिरामार हॉटेल २००६ मध्ये मायकेल डेल यांच्याशी संबंधित खरेदीदारांनी घेतलं, ते एकाही खरेदीदाराकडे निम्म्याहून जास्त हिस्सा जाणार नाही अशी विभागणी करून. त्यामुळे कायद्याच्या भाषेत मालक बदललाच नाही. कौंटी कोर्टात हरली. व्यवहार कायद्याला धरूनच होता.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० मध्ये मतदारांनी असाच लगाम घातला, प्रपोझिशन अडीच. तिथे मर्यादा गावाच्या एकूण पट्टीवर आहे, कोणी घर केव्हा घेतलं यावर नाही. आणि शाळेसाठी जास्त हवं असेल तर गावाला साध्या बहुमताने ती ओलांडता येते. म्हणजे लोकांना कर आवरायचा होता आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भिंतही घालायची नव्हती, तर तसं करता येत होतं. कॅलिफोर्नियाने गरज पाहिली नाही, उत्पन्न पाहिलं नाही, फक्त खरेदीची तारीख पाहिली. हे दुःख जुनं असलं तरी निवलेलं नाही, कारण ती तारीख आता कोणाच्याच हातात उरलेली नाही.

२०२० मध्ये दोन प्रस्ताव आले. व्यापारी मालमत्तेवर बाजारभावाने कर लावू पाहणारा प्रपोझिशन १५ चार टक्क्यांच्या आसपासच्या फरकाने पडला. १९७८ मध्ये बेहर यांनी सुचवलेल्या वाटेवर बेचाळीस वर्षांनी टाकलेलं ते पाऊल होतं. प्रपोझिशन १९ निसटतं पास झालं. वारशाने मिळालेलं घर भाड्याने देऊन जुनी पट्टी भरत राहण्याची सोय त्याने बंद केली. मुलगा किंवा मुलगी स्वतः तिथे राहणार असेल तरच सवलत, आणि तीही मर्यादेपर्यंत. नियम १६ फेब्रुवारी २०२१ पासून लागू होणार होता. त्याआधीच्या आठवड्यांत वकिलांकडे आणि कौंटीच्या नोंदणी कार्यालयांकडे दस्तांची रीघ लागली. हयात आई-बाप आपली घरं मुलांच्या नावे करत होते. १९७८ च्या उन्हाळ्यात ज्यांचे वर्ग रद्द झाले होते, ती दहा-बारा वर्षांची मुलं तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती. त्यांच्यातले काही या रांगेत होते, आणि काहींना वारशाने यायला घरच नव्हतं.

सनीव्हेलच्या त्या गल्लीत काका आता गाडी चालवत नाहीत. डिसेंबरचा हप्ता पुतण्याच त्यांच्यासाठी ऑनलाइन भरतो, आपला भरला की लगेच, त्याच टेबलावर, त्याच लॅपटॉपवर. दोन्ही पावत्या छापून काकांच्या फायलीत लावतो, कारण काकांना कागद लागतो. त्याची मुलगी दुसरीत आहे. त्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून शाळेच्या पालक-प्रतिष्ठानचं पत्र येतं: संगीताचे शिक्षक आणि वाचनालयातल्या बाई पुढच्या वर्षीही राहाव्यात यासाठी प्रत्येक मुलामागे सुचवलेली वर्गणी, आणि खाली सहीसाठी जागा.